पूर्वेच्या भिंतीला लागून

रविवार, २ फेब्रुवारी

ही डायरी एका सिमेंट विकणाऱ्याने ऑफिसात वाटली होती. महिनाभर ती ड्रॉवरमध्ये पडून होती, आज काढली. प्रत्येक पानावर वर छापलंय, 'आजचे उद्दिष्ट', आणि पुढे टिंबांची ओळ. सिमेंटवाल्याला माझ्या उद्दिष्टाची एवढी काळजी का, देव जाणे. आजच्या टिंबांवर लिहितो: 'उद्दिष्ट शोधणे.'

झालंय असं, की तीन आठवड्यांपूर्वी लेकीने फोनवरून सूचना देत देत माझ्या कॉम्प्युटरवर एक खेळ बसवून दिला. बांधकामाचा. ती सात तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात असते, नवऱ्याबरोबर. प्रयोगशाळेत पाणी तपासते. आमचं दोघांचं फोनवरचं बोलणं दीड मिनिटाचं. जेवलीस? जेवले, तू? जेवलो. आईला देऊ? दे. मग ही फोन घेऊन गॅलरीत जाते आणि चाळीस मिनिटं परत येत नाही. चाळीस मिनिटं दोन माणसं काय बोलतात, हे मला लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊनही कळलेलं नाही. लेक म्हणाली, बाबा, तुला बोलता येत नाही ना, मग आपण बांधू या.

तेव्हापासून संध्याकाळी सातला ती तिकडून येते, मी इकडून. कॉम्प्युटर तिच्याच जुन्या खोलीत आहे: बारा बाय नऊ, उत्तरेला खिडकी, दारामागे शेल्फ. तिचा पलंग गेला, तिथे माझं टेबल आलं. हेडफोन लावला की ती शेजारी बसल्यासारखी ऐकू येते.

खेळात एक मोकळं मैदान आहे, मधून ओढा, लांब डोंगर. लाकूड तोडा, दगड फोडा, काच भाजा आणि त्यांचे ठोकळे एकावर एक रचा. शेळ्या फिरत असतात. संपलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, यात जिंकायचं कसं?

"जिंकायचं नसतं बाबा. बांधायचं."

मग हरतो कधी? हरतही नाही म्हणे. मुदत? नाही. मग हा खेळ संपतो तरी कधी?

ती म्हणाली, "आपण यायचं थांबलो की."

हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

एकतीस वर्षं मी इमारती तपासतो. एका हातात मंजूर नकाशा, दुसऱ्या हातात टेप. कागदावर आहे ते जागेवर आहे का, आणि जागेवर आहे ते कागदावर आहे का, एवढे दोनच प्रश्न. एकदा जिना तीन इंच अरुंद म्हणून चार मजली इमारत थांबवली होती. तेव्हापासून ऑफिसात माझं नाव 'तीन इंच'. मला वाटत होतं हे प्रेमाने म्हणतात.

गेल्या वर्षी ऑफिसात यंत्र आलं. त्याच्यात नकाशा टाकला की अकरा सेकंदांत सांगतं, मंजूर की नामंजूर. मी दहा ते सहा त्याच्या शेजारी बसतो. ते चुकलं तर लक्षात आणून द्यायला. ते चुकत नाही.

त्यामुळे सातची वाट दुपारी दोनपासून बघतो. आज लेकीने ओढ्यापलीकडे तिचं घर पुरं केलं. दुमजली, वर गॅलरी, दोन पलंग, दोन खुर्च्या, दाराशी दोन दिवे. हाताला सवय, मी ग्राफपेपरवर त्याचा नकाशा उतरवून घेतला. तारीख टाकली, सही केली. सगळं नियमात. म्हटलं, झकास, हुबेहूब तुमच्या घरासारखं. ती म्हणाली, "हो ना."

तिचं ते खरं घर मीच बघून आलो होतो, जावई पसंत करायला गेलो तेव्हा. खिशात टेप होताच. ही मुलाच्या आईशी बोलत होती तेवढ्यात मी गॅलरीचा कठडा मोजला. नियमापेक्षा दोन इंच उंच. तिथेच माझं मन भरलं. जो माणूस कोणी न सांगता कठडा दोन इंच जास्त घेतो, त्याच्या हाती पोर द्यायला काय हरकत?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज हिशेब केला आणि चहा गोड लागेना.

या खेळात पदकं असतात. पहिला पूल, पहिली काच, शंभर विटा, छपरावर शेळी, अशी एकूण एकशेवीस. आम्ही तीस दिवसांत चौऱ्याऐंशी मिळवली. दिवसाला दोन पूर्णांक आठ. उरली छत्तीस. म्हणजे तेरा दिवस. चोवीस फेब्रुवारीला या खेळातला माल संपतो. नंतर ती कशाला येईल? बापाला बघायला? बाप दीड मिनिटात बघून होतो.

ऑफिसात पेन्सिलला विचारलं. पेन्सिल म्हणजे आमचे आरेखक. कानामागे पेन्सिल ठेवून ठेवून त्यांचा कान बाहेर आलाय. त्यांना सगळ्या खेळांतलं कळतं, कारण यंत्र आल्यापासून तेही रिकामेच आहेत. ते म्हणाले, असले खेळ म्हणजे वाळूचा ढीग. पोरं आधी किल्ला करतात, मग बोगदा करतात, मग एकमेकांच्या डोळ्यांत वाळू टाकतात आणि घरी जातात. ज्यात शेवट नाही त्यात जीव राहत नाही.

आजपासून मी सावकाश खेळायचं ठरवलंय. पुलाला एक ठोकळा कमी होता, तो मुद्दाम बसवला नाही. लेक म्हणाली, बाबा, तो राहिला. म्हटलं, उद्या.

रविवार, १६ फेब्रुवारी

लेकीने घरात फेरबदल केला. वरची गॅलरी काढली. एक पलंग काढला, एक खुर्ची काढली, दाराशी आता एकच दिवा. मी दुसरा नकाशा उतरवला. कारण विचारलं तर म्हणाली, जागा लागत होती. जागा लागते तेव्हा लोक वाढवतात, ही कमी करते! पण अंतर्गत फेरबदल आहे, परवानगी लागत नाही, म्हणून सोडून दिलं. मनात मात्र खुट्ट झालं: हिचा रस संपायला लागला. माणूस कंटाळला की आधी फर्निचर हलवतो.

ही आज गॅलरीत पन्नास मिनिटं होती. आत आली ती डोळे पुसत. म्हणाली, गॅलरीत धूळ फार झालीय.

रविवार, २३ फेब्रुवारी

लेक आली नाही. सात, सव्वासात, साडेसात. मी ओढ्याकाठी उभा आणि समोर एक शेळी. शेवटी निरोप आला: 'नेट नाही.' मी निरोप चार वेळा वाचला. नेट नाही तर निरोप कशावर आला?

या खेळावर लोक इंटरनेटवर चर्चा करतात, ती तीन तास वाचली. सगळीकडे एकच रड. शंभर तास झाले, आता काय? दोनशे तास झाले, राजवाडा बांधला, त्यात राहतंय कोण? एकाने लिहिलंय, मी अख्खं शहर उभारलं आणि एका दुपारी लक्षात आलं की त्यात कोणाला कुठे जायचं नाहीये. त्याखाली जाणकारांची उत्तरं: उद्देश तुम्हीच शोधायचा असतो, तीच तर गंमत आहे. वा रे वा! म्हणजे हॉटेलात जायचं, वेटरने रिकाम्या ताटल्या मांडायच्या आणि सांगायचं, भूक तुम्ही आणलीत, आता स्वयंपाकही तुम्हीच करा.

पण रात्रीच्या जेवणाला बसलो आणि घास हातातच राहिला. उद्देश मी का देऊ नये? एकतीस वर्षं मी दुसरं केलं काय? शहरात घरं लोक बांधतात, पण त्यांना कामाला लावतो कोण? आम्ही. अर्ज, त्रुटी, फेरअर्ज, तपासणी. एक साधा संडास बांधायला आमच्याकडे दोन वर्षं पुरतात. हा सगळा माल माझ्याकडे पडून आहे!

हिला सांगितलं. ती म्हणाली, "तिला कामाला लावू नका. तिचं ऐका जरा." म्हटलं, ऐकायला ती बोलायला तर हवी.

बुधवार, २६ फेब्रुवारी

ओढ्याकाठी लाकडी पाट्यांवर बांधकाम नियमावली लावली. चौदा नियम. नियम एक: प्रत्येक घराने शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन ठोकळे अंतर सोडावे. आमच्या भाषेत याला सामासिक अंतर म्हणतात, सगळ्या नियमांचा बाप. नियम नऊ: छपरावर शेळी ठेवू नये, ठेवल्यास तिला कठडा असावा.

लेकीने पाट्या मोठ्याने वाचल्या आणि नवव्याला हसली. किती दिवसांनी! मग लगेच अर्ज केला: 'गरीब अर्जदार हात जोडून विनंती करते की कोंबड्या नसल्या तरी खुराडं बांधायची परवानगी मिळावी.' मी त्रुटी काढली, कोंबड्यांचा पुरावा जोडलेला नाही. तिने प्रतिज्ञापत्र दिलं. मी तपासणी केली, टेप नाही म्हणून पावलांनी मोजलं, आणि प्रमाणपत्र दिलं. आठ वाजून गेले तरी ती थांबली होती.

जाताना म्हणाली, "बाबा, एकदा दिलेली परवानगी परत घेता येते का?"

मी म्हटलं, शक्यतो नाही. देतानाच पारखून द्यायची. एकदा सही केली की तिची लाज राखायची असते.

"बांधकाम चुकीचं निघालं तरी?"

"तरी. दुरुस्त करून घ्यायचं. पाडायचं नाही."

बराच वेळ तिकडून नुसता हेडफोनचा आवाज येत होता. किती बारकाईने विचार करतेय, मला अभिमान वाटला. मुलगी माझ्यावर गेलीय.

मंगळवार, ४ मार्च

एकशे चौदा पदकं. सहा उरली. पण आता भीती नाही, नियमावली आहे.

(भीती आहे.)

रविवार, ९ मार्च

आज खरा पेच पडला. लेकीने पलीकडचं दुमजली घर टाकून दिलंय. तसंच उभं आहे, दिवाही विझवलाय. आणि माझ्या घराच्या पूर्वेच्या भिंतीला लागून, अगदी चिकटून, एक खोली बांधलीय. चार बाय तीन ठोकळे. उत्तरेला खिडकी, एक पलंग, एक शेल्फ. अंतर शून्य. सगळ्या नियमांच्या बापाला तिने पहिल्याच फटक्यात झोपवलं. शिवाय खोलीला बाहेर पडायला दार नाही. मी म्हटलं, दार विसरलीस, आत-बाहेर कशी करणार?

"तेच म्हणत होते," ती म्हणाली. "इथून तुझ्या घरात दार काढू या का?"

"सामाईक भिंतीत? कोणत्या नियमाखाली?"

"नियम तूच केलेस ना बाबा. एक वाढव."

मी तिला समजावलं की एका अर्जदारासाठी नियम वाढवायला लागलो तर उद्या ओढ्यापलीकडचे सगळे येतील. ती म्हणाली, पलीकडे शेळ्या आहेत. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

"बरं," ती म्हणाली.

तिसरा नकाशा उतरवला. शेरा: सामासिक अंतर नाही, स्वतंत्र दार नाही, गंभीर त्रुटी. नोटीस क्रमांक एक पाटीवर लावली. खरं सांगायचं तर नोटीस लिहिताना हाताला गुदगुल्या होत होत्या. वर्षभराने काहीतरी सापडलं होतं.

गुरुवार, १३ मार्च

ही म्हणाली, ते टेबल त्या खोलीतून हलवता का? कुठे? कुठेही, हॉलमध्ये. कशाला? खोली झाडायचीय. मी म्हटलं, टेबल असतानाही झाडता येते, इतकी वर्षं झाडतेसच की. ती दारात उभी राहिली, हातात तो फोन.

"तुम्ही एकतीस वर्षं नकाशे वाचलेत ना?"

"मग?"

"काही नाही. चहा घ्या."

हल्ली घरात सगळे माझ्याशी कोड्यात बोलतात. मला कोडी येत नाहीत, मला मोजमाप येतं.

रविवार, १६ मार्च

लेक आठवड्यात दोनदाच आली आणि दोन्ही वेळा त्या खोलीत नुसती बसून होती. काही बांधत नाही, काही तोडत नाही. पलंगावर बसते आणि माझ्या भिंतीकडे बघते. मी पलीकडे माझ्या घरात. मधे एक ठोकळ्याची भिंत. हेडफोनमध्ये तिचा श्वास ऐकू येतो. विचारलं, काय करतेयस? म्हणाली, "काही नाही. बरं वाटतं इथे."

हीच ती अवस्था! इंटरनेटवरच्या सगळ्या रडगाण्यांत शेवटच्या आधी हेच आहे: माणूस येतो, बसतो, काही करत नाही, आणि एक दिवस येत नाही.

म्हणून आज शेवटची नोटीस काढली. 'सात दिवसांत सदर अनधिकृत खोली स्वतःहून काढून टाकावी, अन्यथा विभागातर्फे पाडण्यात येईल.' आता ती चिडेल, अपील करेल. अपिलावर सुनावणी ठेवू, सुनावणी एकदा तहकूब करू, मग जागेची पाहणी. तीन रविवार सहज निघतात, ताणले तर पाच. मी तिच्या बाजूने निकाल देणार आहे, ते आधीच ठरलंय. पण ते तिला आत्ताच कशाला सांगू?

नोटीस वाचून ती म्हणाली, "बाबा, खरंच?"

मी आवाज जाड करून म्हटलं, "विभागाचा निर्णय आहे."

रविवार, २३ मार्च

सातला गेलो. पूर्वेला काही नाही.

खोली नाही, पलंग नाही, शेल्फ नाही. पलीकडचं दुमजली घरही नाही. खुराडंसुद्धा नाही. ठोकळे उचलून नेलेत, राडारोडा नाही, जमीन सारखी करून वर गवत लावलंय. एक पाटी तेवढी उभी आहे: 'आदेशाप्रमाणे जागा मोकळी केली आहे. – अर्जदार.'

आणि मी, एकतीस वर्षांची सवय, पहिला विचार काय केला? की इतकं स्वच्छ पालन मी कधी बघितलं नाही. गवतसुद्धा लावलं! लोक पाडतात आणि विटा रस्त्यावर टाकून जातात.

मग पाटी परत वाचली.

आठपर्यंत उभा राहिलो. ती आली नाही. फोन केला, उचलला नाही. परत केला. बंद. हिला विचारलं, तुझं बोलणं झालं का? ही म्हणाली, झालं. काय म्हणाली? ही जेवण न करताच आत जाऊन पडली.

सोमवार, २४ मार्च

तिन्ही नकाशे ऑफिसात घेऊन गेलो. एवढा वेळ बघूनही माझं काय चुकलं ते मला दिसेना, म्हटलं दुसरी नजर लावू. पेन्सिलच्या टेबलावर तारखेने मांडले. कोणाचे ते सांगितलं नाही. ओळखीतला पक्षकार आहे म्हटलं, विभागाने सक्त नोटीस दिली, त्याने पाडूनच टाकलं, बरोबर झालं का बघा.

पेन्सिलने कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या टोकाने वाचायला लागले. यंत्राला अकरा सेकंद लागतात, त्यांना दोन मिनिटं लागली.

"हा पहिला. दोन माणसांचं कुटुंब. हा दुसरा, त्याच घरात एकच माणूस. भांडण असेल, नाहीतर कोणी गेलं असेल. आता हा तिसरा," त्यांनी तिसऱ्या कागदावर टोक ठेवलं, "हे घर नव्हेच साहेब. याला बाहेर दारच नाही. इथल्या माणसाला बाहेर जायचंच नाहीये, आत यायचंय. ही शेजारच्या घरातलीच एक खोली आहे."

मी तिसरा कागद माझ्याकडे ओढला.

"आणि नोटीस या पक्षकाराला कशी दिलीत? वाढीव खोलीचा अर्ज घरमालकाने करायचा असतो. हे घर कोणाचं?"

मी म्हटलं, ओळखीतलं आहे. कागद गोळा केले. यंत्राशेजारी जाऊन बसलो. समोर तिसरा नकाशा होता. चार बाय तीन. ठोकळा तीन फुटांचा धरला तर बारा बाय नऊ. उत्तरेला खिडकी. शेल्फ.

साहेबांना सांगून दुपारीच घरी आलो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, कधीपासून?

"मला जानेवारीत कळलं. त्यांच्यात नऊ महिने चाललंय. मारत नाही, शिव्या देत नाही. बोलतच नाही तो तिच्याशी. घरात दोन माणसं आणि शब्द एक नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती. बाबाला मीच सांगेन म्हणाली. रोज सातला तिथे दुसरं काय करायला येत होती?" तिने हातातल्या टॉवेलची परत घडी घातली. "मग तुम्ही तिला सांगितलंत, दिलेली परवानगी परत घेत नसतात. ते ऐकून ती मला फोनवर म्हणाली, आई, बाबाला आता विचारण्यात अर्थ नाही. तरी तिने ती खोली बांधली."

मी म्हटलं, मी कठडा मोजला होता.

"माहितीये," ही म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, मुलाशी दोन वाक्यं बोला."

मंगळवार, २५ मार्च

रजा टाकली. सकाळी टेबल हलवायला घेतलं. दारातून निघेना. टेबल दारापेक्षा तीन इंच रुंद. ही मागे उभी होती, हसली नाही, पण ओठ दाबून धरले होते. पाय सोडवले, आडवं करून काढलं, हॉलमध्ये परत जोडलं. भिंतीत लावायच्या वायरींची लांबी पुरेना, त्या दारावरून घेतल्या. नियमात बसत नाही. राहू दे.

खोली रिकामी झाल्यावर एवढी मोठी दिसली की मी उगाचच परत मोजली. बारा बाय नऊ.

मग खेळात गेलो. तिसरा नकाशा समोर ठेवून तिची खोली ठोकळ्याला ठोकळा परत बांधली. खिडकी, शेल्फ, पलंग. मग माझ्या घरात येऊन पूर्वेची भिंत फोडली. चौदा पाट्या उपटल्या. जाग्यावर एक पाटी लावायचा विचार होता. मजकूर केला: 'विभागास आपल्या अर्जाचा फेरविचार करताना...' खोडला. 'चुकीची दुरुस्ती.' खोडला. शेवटी पाटी न लावता बाहेर आलो. पण ती खेळ उघडेल कशाला? आणि उघडलाच नाही तर हे भोक दिसणार कोणाला? शेळीला?

ही म्हणाली, फोन करा की. मी म्हटलं, फोनवर मला दीड मिनिट येतं. ती म्हणाली, दीड मिनिट बोला.

फोन घेऊन गॅलरीत गेलो. पहिल्यांदाच. तिथे एक स्टूल आहे, मला माहीत नव्हतं. चौथ्या घंटीला तिने उचलला.

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

"टेबल काढलं तुझ्या खोलीतलं."

मी स्टूलावर बसलो.

"अर्ज मी करायचा असतो," मी म्हटलं. "घरमालकाने. तुला नोटीस द्यायला नको होती. चूक विभागाची आहे."

ती हळूच म्हणाली, "आणि आधीची परवानगी?"

"ती मी दिली होती. मी बघून घेईन."

"लोक विचारतील तुला."

"विचारू देत. एकतीस वर्षं मी लोकांना विचारतोय."

पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा की दुसरा कसला, फोनवर कळत नाही. ती म्हणाली, "बाबा, तू रडतोयस का?"

"नाही. गॅलरीत धूळ फार आहे."

पाच तारखेला येते म्हणाली, प्रयोगशाळेत सांगावं लागेल, सामान बांधावं लागेल. मग आम्ही सामानाबद्दल बोललो, कशात काय भरायचं, कपाट तिथेच सोडायचं का. आत आलो तेव्हा चहा गार झाला होता.

रविवार, ६ एप्रिल

काल दुपारी आली. दोन बॅगा आणि एक खोका. मी स्टेशनवर उभा होतो. दोन बॅगा मी घेतल्या, खोका तिने दिला नाही. बारीक झालीय. खोलीत गेली, दार लावलं, आणि आज अकरापर्यंत उठली नाही. मी चार वेळा दाराशी जाऊन आलो. ही म्हणाली, झोपू द्या, तपासणी नंतर करा.

दुपारी समोरासमोर बसलो. जेवलीस? जेवले. तू? जेवलो. झालं. दीड मिनिट. आणि आता तर आईला देऊ का म्हणायचीही सोय नाही, आई तिथेच. सात तासांचं अंतर होतं तेव्हा निदान सातची वेळ होती. आता पूर्ण दिवस समोर, उद्या पण, परवा पण, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. जावयाचे दोन फोन येऊन गेलेत, मी घेतले नाहीत. घ्यावे लागतील. काय बोलणार आहे, माहीत नाही. ती पुढे काय करणार, माहीत नाही. तिलाही माहीत नाही. पेन्सिल म्हणाले होते, ज्यात शेवट नाही त्यात जीव राहत नाही. कोणत्या ढिगाबद्दल म्हणाले होते, वाळूच्या की दुसऱ्या, आता विचारायला हवं.

सातला लेक हॉलमध्ये आली आणि माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली. म्हणाली, चालू कर.

बारा दिवसांनी उघडला. भोकातून आम्ही दोघं आत बघत होतो. खोली जशीच्या तशी होती. ती जवळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "शेल्फ दारामागे होतं. तू उघड्यावर ठेवलंयस."

"दारच नाही, मागे कुठून ठेवू?"

"मग दार का नाही बसवलंस?"

"कोणत्या बाजूला उघडायचं ते ठरलं नव्हतं."

त्यावर आमचा वाद झाला. ती म्हणाली खोलीकडे उघडावं, मी म्हटलं घराकडे, खोलीत जागा कमी आहे. ती म्हणाली, तुझ्याकडे उघडलं तर तू दार अडवून बसशील. मी म्हटलं, मी कधी दार अडवलंय? ती माझ्याकडे बघत राहिली, मी स्क्रीनकडे. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, दार कशाला हवंय, भोकच असू दे. लेक म्हणाली, आई, शेळ्या येतील.

एक आली होतीच, वादात आम्हाला दिसली नव्हती. बारा दिवस भिंत उघडी. पलंगावर मधोमध उभी होती, आमच्याकडे बघत, कागद सगळे तिच्या नावावर असल्यासारखी.

तिला बाहेर काढायला तासभर गेला आणि ती निघाली नाही. गवत दाखवलं, मागून ढकललं, छप्पर काढून बघितलं. शेळी छपरावर गेली आणि परत पलंगावर आली. लेक माझ्या हातावर हात मारून माऊस ओढून घेत होती, तू नको, तुला जमत नाही. सव्वाआठला ही ओरडली तेव्हा उठलो.

खेळातली सहा पदकं अजून उरली आहेत. पलंगावरची शेळी खाली उतरवणे हे त्यांच्यात नाही, मी यादी परत वाचली.

आजच्या पानावरची टिंबं रिकामीच राहिली. उद्याच्या पानावर मात्र आत्ताच लिहून ठेवलंय. आजचे उद्दिष्ट: शेळी.